‘किरकोळ’ नावाचा फोल्डर

सहा ड्रॉइंग पुन्हा ‘किरकोळ’ फोल्डरमध्ये जाऊन बसली होती. काल संध्याकाळी तिने सगळी जागच्या जागी ठेवली होती. दोनदा तपासून मगच ती घरी गेली होती.

पंप बनवणाऱ्या या कारखान्यात लागून तिला अडीच महिने झाले होते. चाळीस वर्षांची कागदी ड्रॉइंग स्कॅन करायची, ऑफिसच्या सामायिक लायब्ररीत चढवायची आणि ज्या पंपाचं ड्रॉइंग त्याच्या फोल्डरमध्ये लावायची. महिनाअखेर लायब्ररी लागली तर नोकरी पक्की, असं साहेब म्हणाले होते. नाही लागली तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

जुन्या ड्रॉइंगवर नाव नसे, नुसता आकडा. कागदांचे गठ्ठे तर स्कॅन होताच गोदामात जात. कुठला आकडा कुठल्या पंपाचा, हे तोंडपाठ असलेला एकच माणूस होता. नाना. आयुष्यभर ड्रॉइंग काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. तीन आठवड्यांपूर्वी एका आकड्यावर अडली, तेव्हा तिने भीत भीत त्यांना फोन केला होता. त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हे सुरू झालं होतं.

शेकडो आकड्यांतले हे सहा काल कुठे लावले, ते आता तिला आठवत नव्हतं. तिने नानांना फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत काकूंनी उचलला. “देते हं ह्यांना.”

“नाना, नऊशे ब्याऐंशी?”

“अगं, ते विहिरीच्या पंपाचं झाकण! ते काढलं तेव्हा काय गंमत झाली...”

सहा आकड्यांना पाऊण तास लागला.

तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आपणच चुकतोय का? की कुणी मुद्दाम करतंय? शेवटी तिने कॉम्प्युटर विभागातल्या दादाला गाठलं.

“दादा, माझ्या फायलींना पाय फुटलेत. भुताटकी आहे का हो?”

त्याने फायलींचा इतिहास उघडला. “भूत असतं तर रात्री आलं असतं. हे तर रोज सकाळी सव्वासातला येतंय.” मग त्याने खात्याचं नाव पाहिलं. “हे नानांचं खातं आहे. बंद करायचं राहून गेलं. करू बंद?”

“थांबा,” ती म्हणाली. “साहेबांनाही इतक्यात सांगू नका.”

शनिवारी दुपारी ती नानांच्या घरी गेली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळच बसले होते. काकूंनी पाणी आणून दिलं.

“नाना, रागावू नका,” ती म्हणाली. “पण ही रोजची हलवाहलव थांबवा. माझी नोकरी जाईल हो.”

“कसली हलवाहलव?”

“फायलींची. तुमच्या खात्यावरून होते.”

नाना खिन्न हसले. “पोरी, कुठलं बटण दाबायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरंसोरं हसायला लागली, म्हणून तर मुदतीच्या दोन वर्षं आधीच घरी बसलो. निरोपाला ऑफिसचाच लॅपटॉप दिला त्यांनी. मी त्याला हातसुद्धा लावला नाही.”

हा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला कळलं. पण मग कोण? माफी मागून ती उठली.

काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या.

“घरी बसल्यापासून भिंतीकडे बघत असायचे,” त्या म्हणाल्या. “जेवतानाही बोलायचे नाहीत. आता सकाळी आठलाच दाढी करून तयार असतात.”

काकूंनी एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“रोज नाही हलवत गं. आठवड्याला दोन चालतील?”