सीझरची राखण

“हे कुत्रं न्हाई बिरदेवा, शिंगरू हाय. दावणीला बांध आन् कडबा घाल.”

रतनबाईंनी निकाल दिला. टेम्पोतून उतरलेले ते राखाडी धूड मान खाली घालून उभे राहिले. त्याची पाठ माणसाच्या कमरेला लागत होती. बिरदेव शिक्रापूरच्या कंपनीत होता. तिथल्या साहेबांची बदली झाली आणि त्यांचा हा ग्रेट डेन जातीचा कुत्रा त्याने निमोण्याच्या वस्तीवर आणला. नाव सीझर.

“आये, उसात बिबट्या फिरतोय म्हणत्यात. घराला राखण नको व्हय?”

“राखणीची कुत्री निराळी. तुझ्या आज्याची कुत्री ढेकळात झोपायची आन् लांडग्याला फाडायची. घरात घेतलेलं कुत्रं राखण करत न्हाई, पाहुणचार घेतं. रात्री ह्याला अंगणात मोकळं सोडायचं. उंबरा वलांडला, तर त्याच्यासंगं तुम्हीबी बाहेर.”

त्या घरात रतनबाईंच्या शब्दावर शब्द नव्हता. त्यांचे लहानपण मेंढरांमागे गेले होते. धुळीतला ठसा पाहून त्या लांडगा कोणता, कोल्हा कोणता, तरस कोणते हे सांगत, आणि ते सांगताना त्यांची मान किंचित ताठ होई. बिबट्या मात्र त्यांच्या काळी या माळावर नव्हताच. कालवा आला, ऊस आला आणि त्यापाठोपाठ तो आला, असे लोक म्हणत. रतनबाईंच्या लेखी ती चावडीवरची गप होती.

सुनेने, सुषमाने, सीझरला शिरूरच्या डॉक्टरांकडे नेऊन त्याची नखे कापून आणली.

“आता बांगड्याबी भर त्याला,” रतनबाई म्हणाल्या.

सुषमा पदराआड हसली. “व्हय आत्याबाई.”

उन्हाळा रणरणत होता. भारनियमनामुळे रात्री पंखा फिरत नसे, म्हणून रतनबाई अंगणात बाज टाकून झोपत. तिन्हीसांजेला अंगणात पाणी शिंपडावे, दोन घास खावेत आणि अंग टाकावे; मग पहाटेपर्यंत त्यांना जगाची शुद्ध नसे. उठल्यावर मात्र सर्वांच्या आधी खराटा त्यांच्याच हातात.

एके पहाटे खराटा थांबला. कुंपणाच्या कडेने ओल्या मातीत पावले उमटली होती. गोल, रुंद, भाकरीच्या उंड्याएवढी. नखांची खूण कुठेच नव्हती. रतनबाईंनी जाणकारीने मान हलवली. डॉक्टरने मुळापासून नखे काढल्यावर ती उमटणार कुठून? म्हणजे शिंगरू रात्री फेरी मारत होते तर!

त्यांनी ती पावले झाडून टाकली आणि कोणाला काही सांगितले नाही. थुंकलेले गिळणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पावले मात्र येतच राहिली. कधी गोठ्याच्या बंद दाराशी, कधी तुळशीजवळ, आणि मग बाजेपासून हातभर अंतरावर. कुत्र्याला आपला लळा लागतो आहे, हे रतनबाई मनात जपत होत्या. तो भुंकत नाही, हेही त्यांना आवडू लागले. त्यांच्या वडिलांचा सर्वांत चांगला कुत्रा असाच मुका होता. दिवसभर सीझर ओसरीच्या सावलीत घोरत पडे. अंगण ओलांडायचे झाले, तर भिंतीला चिकटून, शेपूट पायात घालून जाई. आपल्या धाकाने जातो, असे रतनबाईंना वाटे. ताटातली अर्धी भाकरी त्या नकळत त्याच्यापुढे टाकू लागल्या.

शेजारचा हौसराव एका दुपारी घाम पुसत आला. “आक्का, माझी शेळी नेली त्यानं. बाहेर झोपू नका. आन् तुमचं हे घोडं बघा, भर दिवसा घोरतंय!”

“रातभर जागतं म्हणून घोरतंय. तुझ्यावानी न्हाई, रात्रीबी घोरायचं आन् दिवसाबी. माझ्या अंगणात पाय ठेवून दाखव म्हणावं तुझ्या बिबट्याला.”

त्याच संध्याकाळी चार वर्षांची मोनिका आजीच्या बाजेवर चढून बसली. सुषमा दारात घुटमळली. “आत्याबाई, मोनीला आत निजवू का? हौसरावभावजी सांगत हुते...”

“आत पोर उकाड्यानं घामाघूम हुतीया. माझ्या कुशीतनं कोण नेतंय तिला?”

सुषमाने ओसरीवरच्या सीझरकडे एकदा पाहिले आणि ती आत गेली.

पहाटे रतनबाईंना जाग आली तेव्हा नात अजून झोपेत होती. तिचा एक हात बाजेखाली लोंबत होता. त्या हाताच्या बरोबर खाली दोन पावले उमटली होती. शेजारी माती दाबली गेली होती. कोणीतरी तिथे बराच वेळ बसून होते. ठशाच्या कडा अजून ओल्या होत्या. आताच उठून गेला बिचारा.

रतनबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांनी आपला हुकूम कधी मागे घेतला नव्हता. आज तो घेण्यात कमीपणा नाही, असे त्यांनी ठरवले.

“सुषमा! अगं सुषमा, भाईर ये.”

घराच्या मागच्या बाजूने सुषमा लगबगीने आली. तिच्यामागून सीझर आला, जांभई देत, भिंतीला अंग घासत.

“त्या मुक्या जीवाला मी लई बोलले. आजपासनं त्याला घरात घे. आपल्या हातानं तूप-भाकरी घालणार हाय मी त्याला.”

सुषमा पाहतच राहिली. मग एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ती सासूच्या पायांशी वाकली.

“आत्याबाई, तुम्ही रागावणार नसला तर सांगते. पोटात ठिवून ठिवून जीव नकोसा झाला हुता. ह्यो अंधाराला लई भितो हो. आला त्या रात्रीपासनं तुम्ही निजला की मी त्याला मागल्या दारानं आत घेते. आमच्या खाटंखाली निजतो. रात्रीचं अंगणात त्यानं अजून एकदाबी पाऊल टाकलं न्हाई.”