लोकरीच्या गुंड्या

ताईबाईने वहीतलं वाक्य पुन्हा वाचलं. ‘मुलगी रंगांध असेल, तर तिचा बाप रंगांध असलाच पाहिजे, कारण तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बापाचंच असतं.’ परवा जीवशास्त्राचा पेपर होता. हा प्रश्न हमखास येणार, असं सुनंदाबाई वर्गात शिकवताना म्हणाल्या होत्या.

त्याच तासाला बाईंनी रंगीत ठिपक्यांचं एक पान वर्गात फिरवलं होतं. सगळ्यांना त्यात आकडा दिसला. ताईबाईला नुसतेच ठिपके दिसले.

आणि तिचा बाप, पुना, पाचोऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर अठरा वर्षं लाल-हिरवे झेंडे दाखवत होता.

दोन दिवस ती वहीतलं तेच वाक्य वाचत राहिली. आत्या लहानपणापासून म्हणायची, "हाई पोर आमना घरनी दिसत नही!" तेव्हा सगळे हसायचे. तीही हसायची.

शेवटी तिने विचारलंच.

"आबा, नोकरीले लागताना नजर तपासतस का?"

"तपासतस ना! डॉक्टरनी लोकरन्या गुंड्या मांड्यात. लाल अल्लग काढ, हिरव्या अल्लग काढ. तुना निंबामामा पुढे, मी त्याना मांगे. दोन्ही एकाच फटक्यात पास!"

"एकबी गुंडी चुकनी नही?"

"एकबी नही," पुना ऐटीत म्हणाला.

ताईबाईने वही मिटली. आई विहिरीवर पाण्याला गेली होती, ते बरंच झालं. आत्ता तिच्याकडे बघवलं नसतं.

कोपऱ्यात सकाळीच आलेले नवे झेंडे उभे होते. जुन्यांपैकी एकाच्या काठीला आईने सुतळीचे वेढे घातले होते. हाताला पकड बसते, म्हणायची. नव्या काठ्या दोन्ही गुळगुळीत होत्या.

दूर शिट्टी झाली. फाटक बंदच होतं. पुना नवे झेंडे उचलून धावला आणि रुळांपाशी थबकला. त्याचा अंगठा काठ्यांवरून खाली-वर फिरत राहिला. एकदा, दोनदा. मागोमाग आलेल्या लेकीपुढे त्याने दोन्ही झेंडे धरले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बेटा, यामा हिरवा कोनता शे?"

ताईबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, डोळे भरून आले, आणि विहिरीकडे तोंड करून ती सगळा जीव एकवटून ओरडली,

"माय, पळत ये! आमले दोन्हीसलेबी दिसत नही!"