संक्रांतीचं वाण

सिंधूमावशींचं बोट हिरव्या बटणापर्यंत गेलं आणि पुन्हा मागे आलं. शेजारी बसलेल्या रसिकाचं डोकं फिरायचंच तेवढं बाकी होतं.

गणपती तोंडावर आले होते आणि मंडळाच्या वर्गणीसाठी तिने केलेल्या ऑनलाइन फॉर्मवर अजून एकाही घराने पैसे भरले नव्हते. तिचे बाबा, नारायणराव, मंडळाचे खजिनदार. दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन ते कोलार रोडपासून टी. टी. नगरपर्यंत जिने चढायचे. यंदा उन्हाळ्यात त्यांची बायपास झाली आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. पण बाबा कसले ऐकतात! लोक घरबसल्या भरणार असतील तरच मी घरी बसेन, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. म्हणून तर ही सगळी धडपड.

फॉर्म सोपा करता करता तिच्या नाकी नऊ आले होते. आधी पत्ता काढला, मग ईमेल काढला. अक्षरं मोठी केली. वर मंडळाच्या गणपतीचा फोटो लावला, खाली बाबांचं नाव आणि फोन नंबर. लोक नाव भरायचे, रक्कम भरायचे आणि नेमके शेवटच्या पायरीवर काढता पाय घ्यायचे. कुठे अडतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून आज ती शाहपुऱ्यात मावशींकडे येऊन बसली होती.

अडत कुठेच नव्हतं. मावशींनी काही न विचारता सगळं भरलं होतं. वर किती सुंदर केलंयस म्हणून तिची पाठही थोपटली होती.

"मग दाबा ना मावशी," रसिका वैतागून म्हणाली. "अजून काय सोपं करू?"

मावशींनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "सोपं आहे गं बेटा, एकदम बढिया आहे. पण आम्हा सगळ्या जणींचं एकदा पक्कं ठरलंय."

काय ठरलंय, हे विचारेपर्यंत बेल वाजली. दारात नारायणराव उभे होते. तीन मजले चढून आलेले, एक हात चौकटीवर, काखेत पावतीपुस्तक. धाप इतकी लागली होती की तोंडातून शब्द फुटेना. ऑनलाइन कुणी भरत नाही म्हटल्यावर मीच निघालो, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

रसिकाला रडू कोसळलं. "बघा मावशी. तुमच्या हट्टापायी हे."

मावशी बाबांसाठी पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. "हट्ट कसला? तूच नाही का दिलंस हे, हळदीकुंकवाला?"

फ्रिजच्या दारावर, रसिकाने संक्रांतीला मंडळातल्या घरोघरच्या बायकांना वाण म्हणून लुटलेली चुंबकाची पट्टी होती. तिच्यावर तिनेच छापून घेतलेल्या दोन ओळी होत्या: 'लिंक कितीही खरी वाटली तरी पैसे भरू नका. ओळखीचं माणूस दारात आलं, तरच द्या.'