कावळा शिवेना

“अगं, पूर्ण थांबू नकोस! साठवर ने, हळूहळू वीसवर आण, पुन्हा साठ. ब्रेकचे नवे पॅड असेच बसतात!” शेजारी बसलेले अप्पा ओरडले. वैजू छोटी गाडी बायपासवर पळवत होती, आवरत होती. मागचा स्कूटरवाला शिव्या देत पुढे निघाला, तर अप्पांनी खिडकीतून त्यालाही पद्धत समजावली.

“बाहेरचे पॅड ते बाहेरचेच. कंपनीचे घेतले असते तर हा तमाशा नसता,” ती म्हणाली.

“तुला ब्रेकमधलं काय कळतंय!”

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा झोपेतच गेले.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. “पोरीच्या लग्नात जीव अडकलाय,” आत्या म्हणाली. काकांनी लग्नाचं वचन दिलं, घर न विकण्याचं दिलं, शेवटी स्वतः तंबाखू सोडण्याचंही दिलं. कावळा फांदीवर ढिम्म. गुरुजी घड्याळ बघू लागले.

सकाळीच घाटाच्या उतारावर म्हैस आडवी आली होती आणि गाडी जागच्या जागी थांबली होती. वैजू पुढे झाली, हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांदेखत म्हणाली, “अप्पा, ब्रेक झकास लागतात. तुमचंच बरोबर होतं.”