डाउन्स म्हणजे चढ

‘डाउन्स’ला फिरायला जायचं म्हणजे उतारच असणार, अशा समजुतीने कुमुदबाई गुडघ्याला पट्टा न बांधताच निघाल्या होत्या. समोर मात्र छातीवर येणारा चढ होता. ‘डाउन्स’ नावाचा इंग्लंडचा हिरवागार डोंगर, त्यावर पांढरीफटक पायवाट आणि पलीकडून येणारा समुद्राचा खारा वारा.

“आई, लहान मुलंही चढतात म्हणा, पण तुम्ही खाली कॅफेत बसा,” जावई म्हणाले. “साताऱ्याला तिसऱ्या मजल्याचा जिना चढवत नाही तुम्हाला. म्हणून तर म्हणतो, आता इथंच राहा आमच्याकडे.”

लेकीने मान खाली घातली. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं तर! बाईंनी पदर खोचला आणि नातीचा हात धरला.

चढ संपता संपेना. गुडघा ठणकायला लागला.

“आजी, बसू या?” नातीने विचारलं.

“तास संपल्याशिवाय बाई खुर्चीत बसत नसतात,” म्हणत त्या एकेक पाऊल रेटत राहिल्या.

माथ्यावर एकदम समुद्र दिसला आणि पायाशी एक पांढरा खडा. बाईंनी तो उचलून बोटावर घासला. खडू! शाळेत आयुष्यभर ज्याची धूळ खाल्ली, त्याचाच हा अख्खा डोंगर होता.

मागून धापा टाकत आलेले जावई त्यांच्याकडे पाठ करून समुद्र बघत उभे राहिले. बाईंनी त्यांच्या काळ्या सॅकवर भली मोठी फुली मारली.

“उत्तर चुकलं, जावईबापू. परतीचं तिकीट काढा.”