आत्याची उत्तरे

"शाल्मली, तुमच्या खात्यावरची लहानपणापासूनची प्रत्येक पोस्ट मी वाचली," कॉलेजचे प्रवेशयंत्र म्हणाले. "अनारसे तुपात का विरघळतात, याची चारशे बारा जणांना तुम्ही उत्तरे दिलीत. अन्नविज्ञानाची शेवटची जागा तुमची."

पूर्वी प्रवेशासाठी गुणपत्रिका मागत, हे शेजारी बसलेल्या कुमुदआत्याला अजून आठवत होते. आता पोस्टच बघत. आणि घरात खाते एकच, शाल्मलीच्या नावाचे. आत्या पोळ्या लाटता लाटता सांगायची, शाल्मली टाइप करायची.

"गप्प बस," आत्या कुजबुजली. "मिळतेय तर घे."

शाल्मलीला दहावीपासून हीच शाखा हवी होती. तरी ती म्हणाली, "ती उत्तरे माझी नाहीत. आत्याची आहेत."

"झाली का सत्यवादी," आत्याने कपाळावर हात मारला.

यंत्राने पोस्ट पुन्हा चाळल्या. "मग प्रत्येक उत्तराखालचे प्रश्न कोणाचे? तांदूळ तीनच दिवस का भिजवायचे? पाणी रोज का बदलायचे?"

"ते हिचेच," आत्या म्हणाली. "मला विचारून विचारून वीट आणला. स्वयंपाकघरातून हाकलली, तर खात्यावर प्रश्न लिहीत बसली."

"मग जागा तिचीच," यंत्र म्हणाले. "आणि आत्याबाई, आमच्या प्रयोगशाळेतले अनारसे रोज विरघळतात. सोमवारपासून शिकवायला याल?"

शाल्मली हसू दाबत आत्याकडे बघत राहिली. आत्याने पदर सावरला.

"येईन. पण तांदूळ मी निवडणार. आणि पोरांनी फोन बाहेर ठेवून, हात धुऊन आत यायचे."