ओळखीचा हात

"बाई, तुम्ही मला कुठे घेऊन चाललात?" केरबांनी तिसऱ्यांदा विचारले.

"अहो, तुमच्या कामावर," अनसूयाबाई म्हणाल्या. बावन्न वर्षांचा संसार झाला होता. परंतु दिवाळीपासून केरबांना आपली पत्नी ओळखू येईनाशी झाली होती.

शहराच्या वनस्पती उद्यानात लाजाळूचा एक विशाल वाफा होता. शास्त्रज्ञांनी त्या रोपांना स्मरणशक्ती प्रदान केली होती. परक्या स्पर्शाने ती मिटत, ओळखीच्या हाताला मिटत नसत. म्हणून नवा माळी रुजू झाला, की जुना माळी त्याचा हात आपल्या तळहाताखाली धरून पानांवर ठेवी आणि रोपांशी त्याची ओळख करून देई. केरबांनी तीस वर्षे इथे माळी म्हणून हेच कार्य केले होते.

अनसूयाबाईंनी एका रोपाला बोट लावले. पाने तत्क्षणी मिटली.

"बघा, मला काही जुमानत नाहीत मेली! आता तुम्ही लावा."

केरबांनी शेजारच्या रोपावरून भीतभीत बोट फिरवले. एकही पान मिटले नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"हिला मी ठाऊक आहे!"

'आणि मी तुम्हाला?' हा प्रश्न अनसूयाबाईंच्या ओठांवर आला. परंतु उत्तराच्या भयाने त्यांनी तो गिळला.

तोच केरबांनी त्यांचा हात आपल्या तळहाताखाली धरला आणि त्या मिटलेल्या रोपावर अलगद ठेवला.

"घाबरू नकोस गं," ते रोपाला म्हणाले, "ही माझ्या घरची आहे."

अनसूयाबाईंनी हात हलवला नाही. दोघांच्या बोटांखाली पाने सावकाश उघडू लागली.